कॉलेज? थांबा, तालीम चालू आहे!

बारावी झाली की अ‍ॅडमिशन, हा आपल्याकडचा अलिखित नियम. पण काही मुलं हा नियम मोडून मध्ये एक अख्खं वर्ष अ‍ॅक्टिंग शिकायला घेताहेत. घरात वादळ, नातेवाइकांत चर्चा आणि मधे अडकलेले आपण, म्हणजे त्यांचे दादा आणि ताई. या वर्षाचं खरंच काय होतं? फुकट जातं की कामी येतं?

---

दरवर्षी मे-जूनमध्ये तुम्हालाही असा एखादा फोन येत असणार. चुलत, मावस, आते, मामे, कुठलं तरी एक भावंडं बारावी झालेलं असतं आणि त्याच्या डोक्यात काहीतरी हटके असतं. आईबाबांना सांगायची हिंमत नसते. मग गाडी आपल्याकडे वळते. आपण पंचवीस ते तीसमधले. नोकरी आहे, पगार आहे, म्हणजे मोठ्यांच्या लेखी शहाणे. आणि अजून जीन्स घालतो, म्हणजे छोट्यांच्या लेखी कूल! त्यामुळे वकीलही आपणच आणि जजही आपणच.

माझ्या वाट्याला ही केस २०२३मध्ये आली. डोंबिवलीची माझी मावसबहीण. सायन्स, गणितात बरी, सीईटीचा स्कोअर ठीकठाक, इंजिनीअरिंगची सीट मिळेल इतपत. आणि तिचं म्हणणं काय, तर "ताई, मला एक वर्ष फक्त अ‍ॅक्टिंग शिकायचंय. नंतर कॉलेज. तू आईशी बोल ना!" दुसऱ्याच मिनिटाला मावशीचा फोन. "अगं, तूच समजाव तिला. तू त्या मीडियातली, तुझं ऐकेल." मास कम्युनिकेशनची डिग्री असली की नाटक, सिनेमा, टीव्ही, राजकारण सगळ्याचं खापर आपल्याच डोक्यावर फुटतं, हे मी एव्हाना स्वीकारलंय.

मी लगेच हो किंवा नाही म्हणाले नाही. पत्रकार आहे ना, आधी माहिती काढली. मग पुढचं वर्षभर तिच्यासोबत आणि तिच्यासारख्या आणखी काही मुलांसोबत जमेल तसं फिरले. त्यातून जे हाती लागलं, ते हे.

आधी डिग्री, मग नाटक!

मावशीच्या घरी मीटिंग भरली तेव्हा काकांनी पहिलाच बाण सोडला, "डॉ. लागू बघ. आधी डॉक्टर झाले, मग नाटक केलं."

मराठी घरात हा बाण हमखास सुटतो, आणि तो खोटा नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. आफ्रिकेत टांझानियापर्यंत जाऊन त्यांनी प्रॅक्टिस केली आणि पूर्णवेळ रंगभूमीवर आले ते १९६९मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर! डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. सतीश आळेकर बायोकेमिस्ट्रीवाले, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात नोकरी करून नाटकं लिहिणारे. १९७२मध्ये 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं, तेव्हा दिवसा आपापलं काम आणि संध्याकाळी तालीम हेच बहुतेकांचं वेळापत्रक होतं. मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये फुललेली प्रायोगिक चळवळही ऑफिस सुटल्यावर धावत येणाऱ्यांच्याच जिवावर चालली.

थोडक्यात, आपल्याकडे नाटक हे संध्याकाळचं काम. सात वाजता चहा, साडेसातला तालीम, शेवटची लोकल पकडून घर. ही परंपरा भारीच आहे. पण तिच्यात एक गोष्ट मिळत नाही, आणि ती म्हणजे दिवस! ऑफिसात आठ-नऊ तास घासून आलेल्या आवाजाला आणि आंबलेल्या शरीराला तुम्ही नवं काय शिकवणार? संध्याकाळी नाटक बसवता येतं. आवाज घडवायचा असेल तर सकाळच लागते.

मावसबहिणीचा मुद्दा नेमका हाच होता, फक्त तिला तो मांडता येत नव्हता. तिला नाटकात काम नको होतं. तिला सकाळ हवी होती.

दारावरची पाटी

"मग थेट एनएसडीलाच जा की!" असा सल्ला देणारे एक तरी काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना नम्रपणे सांगा, की बारावीनंतर ते दार उघडत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या ३ वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमाला पदवी लागते आणि वर किमान ६ नाटकांत काम केल्याचा अनुभवही. पुण्याच्या एफटीआयआयचा अभिनयाचा कोर्स पदवीनंतरचा. मुंबई विद्यापीठाच्या अ‍ॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये शिकवतात ती मास्टर्स, म्हणजे तिथेही आधी ग्रॅज्युएशन.

म्हणून अ‍ॅक्टिंगसाठी कॉलेज कायमचं सोडतो म्हणणाऱ्याने हे आधी वाचावं. देशातल्या मोठ्या अभिनयशाळांच्या दारावर पाटी एकच आहे, पदवी घेऊन या.

बारावीनंतर थेट नाटकात डिग्री घ्यायचीच, तर तोही रस्ता आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकात बी.ए. करता येतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही नाट्यशास्त्राची पदवी आहे. म्हणजे तिथे गॅपची गरजच नाही, कारण शिकणं हेच कॉलेज.

मग गॅप कुणासाठी? ज्याला अजून नक्की माहीत नाही त्याच्यासाठी. परदेशात यासाठी सोय आहे. लंडनच्या राडासारख्या संस्थेत ३ वर्षांच्या डिग्रीच्या अलीकडे एक छोटा फाउंडेशन कोर्स असतो, वर्षभराच्या आत संपणारा. शिकून बघा, झेपतंय का, आवडतंय का, मग ठरवा. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी याच राडामध्ये शिकले आणि नंतर एनएसडीचे संचालक म्हणून त्यांनी आपल्याकडच्या अभिनयाच्या प्रशिक्षणाला शिस्त लावली. पण एनएसडीच्या आधी, अठराव्या वर्षी, नुसतं चाचपून बघायची सोय आपल्याकडे फारशी झालीच नाही. ती आपली आपणच करायची!

सकाळी सहाच्या आधीची लोकल

मावसबहिणीचं वर्ष असं ठरलं. दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये एक ज्येष्ठ दिग्दर्शक सकाळचं वर्कशॉप घ्यायचे, तिथे आठवड्याचे ५ दिवस. दुपारी वाचन. संध्याकाळी आठवीतल्या दोन मुलांची ट्यूशन, म्हणजे लोकलच्या पासाचे आणि नाटकाच्या तिकिटांचे पैसे तिचे तिने काढायचे. ही काकांची अट. आणि मावशीची अट, की दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांनी बसून या महिन्यात काय शिकलीस ते ऐकायचं. मला वाटलं, पोरगी वैतागेल. ती म्हणाली, "चालेल."

पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं, हातात स्क्रिप्ट मिळेल. मिळाला मोप. हॉल पुसायचा! मग सूर्यनमस्कार. मग जमिनीवर आडवं पडून श्वास. छातीतून नाही, पोटातून. पहिले तीन आठवडे एकही संवाद नाही. आधी नुसता 'आ', मग एकेक अक्षर. ण आणि न वेगळा ऐकू आला पाहिजे, ळ आणि ल वेगळा. दातांत पेन्सिल धरून परिच्छेद वाचायचा, मग पेन्सिल काढून तोच वाचायचा. कच्चा पापड, पक्का पापड तर आहेच.

एका शनिवारी मी बघायला गेले. व्यायाम सोपा वाटला. खोलीत यायचं, हरवलेली किल्ली शोधायची आणि जायचं. बस. पहिल्यांदा तिने कपाळावर हात मारला, उसासे टाकले, कंबरेवर हात ठेवला. टीव्ही सीरियलमध्ये करतात तसं सगळं. सरांनी विचारलं, "किल्ली कशाची होती?" तिला सांगता येईना. "घरात कोण आहे? किती वाजले? किल्ली नाही सापडली तर काय होईल?" मग ती शांत बसली, विचार केला आणि परत आली. या वेळी तिने काहीच 'केलं' नाही. फक्त शोधलं. आणि मी चक्क पुढे सरकून बघायला लागले!

हा काही त्या सरांचा शोध नाही. मी अमुक परिस्थितीत असते तर काय केलं असतं, हा प्रश्न रशियाच्या स्तानिस्लावस्कीने शंभर वर्षांपूर्वी नटांपुढे ठेवला आणि जगभरच्या अभिनयशाळा अजून तो विचारताहेत. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि रोज सकाळी साडेसातला अंगातून काढणं वेगळं.

आणखी एक व्यायाम मला फार आवडला. दादरच्या फुलबाजारात जायचं, एक माणूस निवडायचा आणि वीस मिनिटं त्याच्याकडे बघायचं. दुसऱ्या दिवशी तो माणूस होऊन दाखवायचा. नक्कल नाही हं! त्याला आज कशाची घाई आहे, त्याची कंबर कुठे दुखते, तो कुणाशी बोलताना आवाज खाली आणतो, ते सगळं. लोकलच्या लेडीज डब्यात तर तिला रोज शंभर नमुने फुकट मिळायचे.

ऑगस्ट आला आणि...

पहिले दोन महिने सॉलिड गेले. मग कॉलेजं सुरू झाली.

मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर फ्रेशर्स पार्टीचे फोटो, नवे आयकार्ड, नवे जोक्स. तिला त्यातलं निम्मं कळेना. हा भाग कुठल्याच वर्कशॉपच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो. वर्षभर तुम्ही कुठल्याच वर्गात नसता. "काय करतेस सध्या?" या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नसतं. सोसायटीच्या गणपतीत एका काकूंनी विचारलं, "नापास झालीस का गं?" ती हसली. घरी येऊन रडली.

आणि दुसरा, जास्त मोठा घोळ. महाराष्ट्रातली अभिनयाची सगळ्यात जिवंत शाळा कुठे भरते? कॉलेजात! पुण्यात १९६३पासून चालणारी पुरुषोत्तम करंडक स्पर्धा, मुंबईतल्या कॉलेजांच्या एकांकिका. आज मराठी सिनेमा-मालिकांत दिसणाऱ्या कितीतरी चेहऱ्यांनी पहिली तिसरी घंटा तिथेच ऐकली. पुरुषोत्तमला उतरायचं तर कॉलेजच्या संघात हवं. म्हणजे अ‍ॅक्टिंगसाठी कॉलेज थांबवलं आणि कॉलेज नाही म्हणून ते स्टेजही वर्षभर बंद. आहे की नाही गंमत?

मी हे सरांना विचारलं. ते म्हणाले, "स्पर्धेत जोश मिळतो. मित्र मिळतात, भूक मिळते. पण तीस दिवसांत एकांकिका बसवायची असते, तिथे तुझा श्वास दुरुस्त करायला कुणाला वेळ आहे?" मला २०२२ आठवलं. त्या वर्षी पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडकाच्या तोडीची एकही एकांकिका नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नव्हता. केवढी चर्चा झाली होती! जोश कमी होता असं कुणीच म्हणालं नव्हतं.

शेवटी तिला स्टेज मिळालं, पण मागच्या बाजूचं. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या एका हौशी संस्थेत ती बॅकस्टेजला लागली. हौशी संस्थेला कॉलेजचं आयकार्ड लागत नाही, राबणारे हात लागतात. प्रॉपर्टीची यादी करणं, कपड्यांना इस्त्री, अंधारात खुर्ची अचूक खुणेवर ठेवणं. एका प्रयोगाला विंगेत टॉर्च धरून उभी असताना तिने पाहिलं, की मुख्य भूमिका करणारा नट एन्ट्रीच्या आधी पाच मिनिटं कुणाशीच बोलत नाही, नुसता श्वास मोजतो. "ताई, मला तेव्हा कळलं ते पोटातून श्वासाचं," ती म्हणाली. तीन महिने जमिनीवर पडून जे समजलं नाही, ते विंगेत एका मिनिटात समजलं.

ब्रेक घेणं आणि ब्रेक मिळणं

आता दुसरी बाजू. सांगलीचा एक मुलगा मला याच काळात भेटला. विष्णुदास भाव्यांच्या गावचा, नाटकाचं वेड रक्तातच. तो बारावीनंतर थेट अंधेरीला आला. एका अ‍ॅकॅडमीने सहा महिन्यांचा कोर्स, पोर्टफोलिओ आणि 'हमखास ब्रेक' असं पॅकेज दिलं होतं. वडिलांनी गावाकडची एफडी मोडली. कोर्समध्ये झालं काय? कॅमेऱ्यासमोर प्रसिद्ध सिनेमांतले सीन करून दाखवणं, डान्स, जिम आणि फोटोशूट. ब्रेक म्हणून एका मालिकेत लग्नाच्या गर्दीत उभं राहण्याचा एक दिवस. उरलेले महिने तो ऑडिशनच्या रांगांत होता.

या मुलाने मेहनत कमी घेतली नाही, उलट जास्तच घेतली. फरक एवढाच, की त्याचं वर्ष ब्रेक मिळवण्यात गेलं आणि मावसबहिणीचं ब्रेक घेण्यात. अठराव्या वर्षी काम मिळणं आपल्या हातात नसतं. कास्टिंग करणाऱ्याला तुमच्या उंचीचं, तुमच्या वयाचं कुणी हवं असेल तर हवं, नाहीतर नाही. शिकणं मात्र शंभर टक्के आपल्या हातात असतं. गॅप इयरचा हिशेब किती ऑडिशन्स दिल्या यावर मांडला, की निराशा पक्की.

वर्कशॉपमध्ये मावसबहिणीबरोबर ठाण्याचा एक मुलगाही होता. त्याला डिसेंबरमध्येच कळलं, की आपल्याला नाटक बघायला प्रचंड आवडतं, करायला नाही. रोज तेच तेच परत करण्याचा त्याला मनापासून कंटाळा यायचा. त्याने जानेवारीपासून सीईटीचा अभ्यास धरला आणि २०२४मध्ये इंजिनीअरिंगला गेला. माझ्या मते त्या बॅचमधला सगळ्यात यशस्वी गॅप त्याचा! आपल्या ऑफिसात बघा. 'मी खरं तर अ‍ॅक्टर व्हायला हवा होतो' असं सुस्कारा टाकत म्हणणारा एक तरी जण प्रत्येक टीममध्ये असतो. तिशीला आला, ईएमआय सुरू झाला, तरी प्रश्न तसाच. ठाण्याच्या मुलाने तो प्रश्न अठराव्या वर्षी सहा महिन्यांत निकालात काढला. आता तो नाटकाचं तिकीट काढून मजेत बघतो, हळहळत नाही.

मग हिचं काय झालं?

२०२४च्या जूनमध्ये मावसबहिणीने आर्ट्सला अ‍ॅडमिशन घेतली, सायकॉलॉजी घेऊन. इंजिनीअरिंग नाही. काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "निदान विचार करून सोडलंस." गेल्या वर्षभरातल्या एक तारखेच्या त्या बारा मीटिंगांचा हा परिणाम. तिचं म्हणणं त्यांना पटलं की नाही, मला माहीत नाही. पण ती काम करते हे त्यांनी बारा वेळा ऐकलं होतं.

ती पुढे नटी होईल का? मला खरंच सांगता येणार नाही, आणि तीही सांगत नाही. पदवी झाल्यावर एनएसडीचा फॉर्म भरायचा, एवढं ठरलंय. तोपर्यंत ती ६ नाटकं मोजतेय! मात्र मी तिला एकदा विचारलं होतं, की वर्षभरात काय मिळालं? ती म्हणाली, "टाळ्या नसतानाही मला तालीम आवडते, एवढं कळलं." हे कळायला काही जणांना आख्खं आयुष्य लागतं, हो की नाही?

तेव्हा या जूनमध्ये तुमचा फोन वाजला आणि पलीकडून "दादा, तू बाबांशी बोल ना" ऐकू आलं, तर लगेच वकीलपत्र घेऊ नका आणि लगेच निकालही देऊ नका. एकच प्रश्न विचारा. रोज सकाळी सात वाजता, कुणी बघत नसताना, तू काय करणार आहेस? उत्तर मिळालं तर आईबाबांशी बोला. नाही मिळालं तर भावंडाला म्हणा, आधी सुट्टीत एक महिना करून दाखव!

गॅप घेताय? मग हे आधी वाचा

• वेळापत्रक आधी, वर्ष नंतर: आवाज, शरीर, वाचन, नाटक बघणं आणि बॅकस्टेज या पाचांना आठवड्यात ठरलेली जागा हवी. 'बघू कसं जमतं ते' म्हणजे वर्ष गेलंच म्हणून समजा.

• परतीचं तिकीट काढून ठेवा: जेईई मेन बारावीच्या वर्षासह सलग ३ वर्षं देता येते. अ‍ॅडव्हान्स्ड मात्र सलग २ वर्षांत २ वेळाच, म्हणजे गॅपनंतर एकच संधी उरते. सीईटीचा स्कोअर त्या त्या वर्षीच्या प्रवेशापुरता. फॉर्म भरताना त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचाच.

• कागद जपा: पुढच्या अ‍ॅडमिशनला गॅपबद्दलचं प्रतिज्ञापत्र मागतात. वर्कशॉपची पावती, प्रमाणपत्र, नाटकाची श्रेयनामावली असं सगळं एका फाइलमध्ये ठेवा. पुढे कॅम्पस इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर शिक्षणातल्या गॅपचा रकाना असतो, तेव्हा हीच फाइल बोलते.

• 'हमखास ब्रेक' दिसला की पळा: शिकवणारा शिकवण्याची हमी देऊ शकतो, कामाची नाही. पैसे भरण्याआधी एक तास बसून बघू द्या म्हणा. नाही म्हणाले, तर तुम्हीही नाही म्हणा.

• पैशाचा हिशेब लिहा: फी, प्रवास, तिकिटं, सगळं. त्यातला एक तरी खर्च स्वतः कमवा. घरच्यांचा विश्वास भाषणाने वाढत नाही, वहीने वाढतो.

• बॅकस्टेजला नाही म्हणू नका: विंगेतून दिसणारं नाटक प्रेक्षागृहातून दिसत नाही. आणि तिथे फी लागत नाही!